डावा ड्रॉवर आणि लॅकरचे तीन हात

रविवार, टेम्पो कोपऱ्यावरून वळल्यावर लगेच

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार,

टेबल सुखरूप आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिलं आहे ते अशासाठी, की पुढे वाचताना मधेच तुझा श्वास अडकला तर पुन्हा वर यायचं, हेच वाक्य वाचायचं आणि मग खाली जायचं. (श्वासावरून आठवलं, भाऊजींच्या शिंका कशा आहेत? सकाळच्या एकवीसवरून चौदावर आल्याचं मागे तू म्हणाली होतीस. मोजायचं सोडू नका.) तुझे गुडघे काय म्हणतात? डाव्यापेक्षा उजवा शहाणा, असं तू म्हणायचीस; आता दोघांनी संगनमत केलं असेल तर डॉक्टरांना दाखव, माझ्यासारखं घरच्या घरी दुरुस्त करायला जाऊ नकोस. आम्ही इथे सगळे ठीक आहोत. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं अजून एकमेकांना चिकटतात, पण ती सुटतील.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून हा पत्र का लिहितोय? बुटकी आज तुला फोनवर सगळं सांगणारच आहे (आपली बुटकी, जी आता आमच्या दारातून मान वाकवून आत येते आणि तरी आपण तिला बुटकीच म्हणतो). पण ताई, फोनवर तू मधे बोलतेस. लहानपणापासून माझी एकही गोष्ट तू शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाहीस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, एवढ्या एका सोयीसाठी मी घरभर फिरून चालणारं पेन शोधून काढलं आहे.

तर तुझं आरशाचं टेबल. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलात, टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं, आणि तू म्हणालीस, राहू दे तुझ्याकडे, बुटकी मोठी झाली की तिला देऊ. बुटकीने आता स्वतःचं बिऱ्हाड थाटलं आणि तुझं फर्मान आलं. रविवारी टेम्पो येईल. टेबल ओल्या फडक्याने पुसून ठेव. डावा ड्रॉवर कुलूपबंद आहे तो तसाच राहू दे, किल्ली बुटकीला दिली आहे, तो तिनेच उघडायचा. आणि बाकी काही करू नकोस. हे शेवटचं वाक्य तू दोनदा लिहिलं होतंस. मला वाटलं भिडेखातर लिहिलं असेल, धाकट्या भावाला उगाच त्रास कशाला म्हणून.

मी फडकं फिरवलंही. पण धूळ गेली तसा टेबलाचा खरा चेहरा बाहेर आला. अकरा वर्षांत आमच्या घराने त्यावर कपांची सतरा वर्तुळं उमटवली होती आणि मधोमध इस्त्रीचा एक त्रिकोण. (इस्त्री माझी. वर्तुळंही बहुतेक माझीच.) असलं टेबल भाचीच्या नव्या घरी पाठवायचं? मामा म्हणून माझी काही इभ्रत आहे. त्यात त्याच आठवड्यात दाढ दाखवायला गेलो होतो. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेर बसायच्या खोलीत एक टेबल आहे, लॅकर केलेलं, इतकं चकचकीत की त्यावर वाकलं तर डॉक्टरांच्या आधी आपल्यालाच आपली कीड दिसते. दाढेचं दुखणं विसरून मी ते टेबल बघत बसलो, आणि माझा नंबर येईपर्यंत माझं ठरलंसुद्धा होतं.

याला कुठे येतंय, असं तू आत्ता म्हणालीस, ते मला इथे ऐकू आलं. पण ज्याच्या बापाने चाळीस वर्षं लोकांच्या कपाटांना लाखेचं पॉलिश केलं, त्याला अगदीच काही येत नाही असं कसं म्हणता येईल? बाबा कापडात गुंडाळलेला तो कापसाचा बोळा घेऊन गोल गोल हात फिरवत राहायचे, तासन् तास, आणि लाकडातून हळूहळू उजेड वर यायचा. मी मागे उभा असायचो. माझ्याकडे कामं दोनच होती, फडकी धुणं आणि हात न लावणं. "बोट लावायचं नाही!" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. तेव्हा हाताने नसलं तरी डोळ्यांनी मी सगळं शिकलो होतो, असं माझं मत होतं. शिवाय मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बत्तीस वर्षं अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली. टेबल म्हणजे काय, न हलणारी लिफ्टच. (हे मी बायकोला म्हणून दाखवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा आपण थांबायचं असतं, हे लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही माझ्या वेळेवर लक्षात येत नाही.)

रंगाच्या दुकानातला माणूस भला होता. त्याने विचारलं, याआधी कधी केलंय का? मी म्हणालो, आमच्या रक्तातच आहे. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि थिनरची एक बाटली जास्त दिली. लॅकरचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळू द्या, धूळ उडू देऊ नका, असं त्याने बजावलं. आणखीही काहीतरी सांगत होता, दमट हवेबद्दल, पण तोवर मी डबा घेऊन दुकानाची पायरी उतरलो होतो.

सोमवारी रजा टाकून मी घासायला बसलो. आरसा उतरवून पलंगावर निजवला, त्यामुळे आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आलो. पॉलिश पेपर फिरवायला लागल्यावर बाबांचं जुनं पॉलिश तपकिरी भुकटी होऊन खाली पडायला लागलं, तेव्हा एकदा माझा हात थबकला, खोटं कशाला सांगू. पण तोवर अर्धं टेबल गोरं झालं होतं, आणि मधेच थांबलेली लिफ्ट ही सगळ्यात वाईट. मी दात-ओठ खाऊन घासत राहिलो. दर्शनी भाग तेवढाच घासला हं. गुडघे जातात ती आतली बाजू तशीच सोडली, तिथे कोण बघायला येतंय. संध्याकाळपर्यंत भुकटी साखरेच्या डब्यात, चष्म्याच्या घरात आणि बायकोच्या मौनात सगळीकडे जाऊन बसली होती.

आता धुळीचा बंदोबस्त. इथे मी एक युक्ती केली, जी बाबांनासुद्धा कधी सुचली नव्हती. मंगळवारी सकाळी घरातल्या सगळ्या चादरी भिजवल्या, अर्ध्यामुर्ध्या पिळल्या आणि खोलीच्या दारा-खिडक्यांना टांगल्या. धूळ येईल ती चादरीला चिकटेल! मग डबा उघडला, ढवळला आणि पहिला हात दिला. ताई, काय झळाळी होती. वास मात्र असा, की बायको स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली. मला स्वतःला पाऊण तासाने फार म्हणजे फारच आनंदी वाटायला लागलं. मी टेबलाशी गप्पा मारत होतो म्हणे. बायकोने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पायरीवर बसवलं, आणि तिथे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बराच वेळ हात हलवून नमस्कार करत होतो.

भानावर येऊन परत आत गेलो तर टेबल पांढरं झालेलं. दुधावर साय धरावी तसं सगळं टेबल सायीखाली गेलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसाच चिकट हातांनी दुकानात धावलो. दुकानदाराने शांतपणे विचारलं, खोलीत ओल होती का? मी म्हणालो, छे, ओल कुठली, फक्त सात ओल्या चादरी होत्या. त्याने काउंटरवरची पावती पुस्तकं नीट एकावर एक रचली (हसू आवरायला माणसं असं काहीतरी करतात, मला लिफ्टमधला अनुभव आहे) आणि मग उपाय सांगितला. चादरी काढा, हवा कोरडी होऊ द्या, थिनर जास्त घालून एक पातळ हात फिरवा, साय आपोआप जाईल. आणि बुधवारी ती खरंच गेली, ताई! माझ्या डोळ्यांदेखत पांढरं विरघळत गेलं आणि खालून लाकडाच्या रेषा वर आल्या. मी त्या दुकानदाराचा जन्मभर ऋणी आहे. त्याच झोकात संध्याकाळच्या आत दुसरा हात दिला, आणि गुरुवारी सकाळी तिसरा.

तिसऱ्या हातात एक डास बसला तो कायमचाच बसला. आणि उजव्या कोपऱ्यात दोन बोटांचे ठसे आहेत. ते कोणाचे हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की वाळलं का ते बघायला घरात दुसरं कोणी आलेलं नव्हतं. तिथे फुलदाणी ठेवायला मी बुटकीला सांगितलं आहे.

तर गुरुवारी दुपारी मी कमरेवर हात ठेवून टेबलासमोर उभा. दातांच्या डॉक्टरांच्या टेबलाने शरमेने मान खाली घालावी असं तेज. बायको दारात आली, टेबलाकडे पाहिलं आणि चार दिवसांतलं तिचं सगळ्यात मोठं वाक्य बोलली. "अहो, ड्रॉवर उघडून बघितलेत का?"

मी हसत मधला ओढला. हलला नाही. उजवा ओढला. तोही नाही. मग उजेड पडला, की मी तिन्ही हात ड्रॉवर बंद असतानाच दिले होते. लॅकर फटीफटींत उतरलं होतं आणि तिथे दगड होऊन बसलं होतं. तीन ड्रॉवरचं टेबल आता चकचकीत ठोकळा झालं होतं. मधला मी पातळ सुरी फिरवून सोडवला. येताना तो सोबत एक कपची घेऊन आला, ती मी चिकटवली आहे, चष्मा काढून पाहिलंस तर दिसणार नाही. उजव्याची आधी मूठच हातात आली, मग ड्रॉवर. हे सगळं चालतं. पण डावा, ताई! तुझा डावा!

माझी अवस्था लक्षात घे. कुलूप लावलेला ड्रॉवर ओढला तर तो उघडत नाही, उघडूच नये. मग तो कुलपाने बंद आहे की लॅकरने, हे कळणार कसं? सुरी घालावी तर तुझ्या अमानतीला मी हात घातला असं होईल, आणि आतल्या वस्तूला काही झालं तर? बुटकीकडे किल्ली मागावी तर का म्हणून? तुला फोन करावा तर तू पहिल्याच वाक्याला मधे बोलणार, आणि ते काय बोलणार तेही मला पाठ होतं. अकरा वर्षं तू ज्याला कुलूप लावून ठेवलंस, लेकीच्या हातानेच उघडायचा म्हणालीस, तो ड्रॉवर रविवारी ती किल्ली फिरवून ओढणार आणि तो हलणार नाही. मग पहार येणार, पटाशी येणार, आणि बाबांनी तुझ्या लग्नासाठी पॉलिश केलेलं टेबल फुटणार, तेही माझ्यामुळे, ज्याला बाकी काही करू नकोस असं दोनदा सांगितलं होतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मला घास गिळवत नव्हता. बत्तीस वर्षांत इतकी माणसं सोडवली, आणि घरातला एक ड्रॉवर सोडवता येईना.

शनिवारी मी टेबलाखाली शिरून उताणा झोपलो आणि डाव्या ड्रॉवरच्या पोटाला तळहाताने रेटा देऊन पाहिला. ढिम्म हलला नाही. तिथे मला एक दुसरीच गोष्ट दिसली, पण ती खाली लिहितो. तासभर मी तिथेच पडून होतो.

आज सकाळी बुटकी आली. टेबल बघून "मामा!" अशी ओरडली की टेम्पोवाला खालून वर आला. तिने त्यात तोंड पाहिलं, दात पाहिले, डास पाहिला आणि म्हणाली, हा राहू दे, याला मी पाळते. माझा अर्धा जीव तिथेच परत आला. मग तिने पर्समधून किल्ली काढली. मी म्हणालो, बुटके, घरी गेल्यावर उघड की, निवांत. ती म्हणाली, छे, इतकी वर्षं वाट बघितलीय. किल्ली फिरली. कुलूप बोललं. मी डोळे मिटून घेतले.

आणि ड्रॉवर सुळ्ळकन बाहेर आला, लोण्यातून आल्यासारखा! मी मटकन पलंगावर बसलो, जीव भांड्यात पडला. (आरशावर बसलो नाही. आरसा तोवर टेम्पोत गेला होता, हीसुद्धा देवाचीच कृपा.) मी बुटकीकडे बघतोय, ड्रॉवरकडे बघतोय, आणि मागून बायको शांतपणे म्हणाली, "मंगळवारी तुम्ही डबा ढवळत होतात ना, तेव्हा मी वन्संच्या ड्रॉवरच्या फटीतून मेणबत्ती फिरवून ठेवली होती. मेणावर पॉलिश धरत नाही." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, मामंजींनी. म्हणजे आपल्या बाबांनी, ताई! मला जन्मभर फडकी धुवायला लावली आणि सुनेला विद्या देऊन गेले. मग हे गुरुवारीच का नाही सांगितलंस, तर म्हणे, तुम्ही विचारलं नाहीत. बाकीच्या दोन ड्रॉवरचं काय, तर म्हणे, तेवढ्यात तुम्ही ब्रश घेऊन आलात.

आत काय होतं ते तुला ठाऊकच आहे. पत्र्याचा डबा, त्यात लाखेची पुडी, बाबांचा दगडासारखा कडक झालेला बोळा आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. बुटकीने ती मोठ्याने वाचली. "बुटके, हे आजोबांचं पॉलिशचं सामान. हे कुलपात ठेवलंय ते तुझ्या मामापासून. त्याच्या हाताला लागलं तर तो आधी याच टेबलावर हात चालवेल. त्याला बाबांसारखं करायचं असतं, ते त्याला येत नाही, आणि तसं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. म्हणून कुलूप." खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

टेम्पोवाला सगळ्यात जास्त हसला. बायको भिंतीला धरून हसली, आणि मग मीही हसलो, कारण ड्रॉवर उघडला होता आणि त्यापुढे मला तू काहीही म्हणालीस तरी चाललं असतं. टेबल व्यवस्थित चढलं, दोरीने बांधलं, मी स्वतः गाठी मारल्या. काळजी नसावी. गुडघ्यांना जपा, शिंका मोजत राहा, आणि रागावायचं असेल तर तेही पत्रानेच रागाव, म्हणजे मला निवांत वाचता येईल.

तुझा,
धाकटा

ता. क. टेबलाखाली काय दिसलं ते राहिलं. आतल्या बाजूला, जिथे मी पेपर फिरवला नव्हता, तिथे बाबांचं पॉलिश जसंच्या तसं आहे, आणि त्यात एका बोटाचा ठसा आहे. तुला आठवत असेल, तुझ्या लग्नाआधी टेबल ओलं असताना कोणीतरी बोट लावलं, आणि बाबा तुझ्यावर ओरडले, लग्न ठरलेल्या मुलीला एवढा धीर नाही का म्हणून. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. ताई, ते बोट माझं होतं. नऊ वर्षांचा होतो, घाबरलो, बोललो नाही. आणि तूही बोलली नाहीस. काल तो ठसा बघितला आणि वाटलं, एवढंसं बोट वीस वर्षांच्या मुलीचं नसतं, हे बाबांना कळलं नसेल? बोळ्याचे चार फेरे मारले असते तर पुसला गेला असता. त्यांनी पुसला नाही. मीही पुसलेला नाही.

ता. क. २. बुटकी म्हणत होती की तुमच्या जेवणाच्या टेबलाला, त्या चमच्यांच्या ड्रॉवरवाल्याला, भाऊजींनी गरम पातेल्याचा डाग पाडला आहे. त्याचे पाय निघतात, म्हणजे जिन्यात अडकायचं नाही. मला अगदीच अकलेचा दिवाळखोर समजू नकोस, या वेळी लॅकर नाही. बाबांच्या बोळ्याने, लाखेचंच, गोल गोल, हळूहळू. बोळा बुटकीने नेला, तो तेवढा तिच्याकडून मागून टेबलाबरोबर पाठव. अख्खं पत्र खरं तर यासाठीच लिहिलं.

वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. टेबल मुळीच पाठवू नका, असं लिहिणार होते. पण काल टेबलाखाली हे तासभर नुसते पडून नव्हते, रडत होते, ते काही यांनी लिहिलेलं नाही. बोळा बुटकीने नेलेला नाही, जाताना माझ्या हातात देऊन गेली आहे. टेबल पाठवा. फक्त चमच्यांच्या ड्रॉवरला आधी मेणबत्ती फिरवा.